सुईदोऱ्याच्या डब्यातला रणगाडा

माणूस आयुष्यात एकदा तरी काहीतरी बंद करायला विसरतो. गॅस, नळ, नाहीतर तोंड. धाकट्यांचं उलटं झालं. त्यांना एक गोष्ट चालू ठेवायला सांगितली होती, आणि ती चालू ठेवता ठेवता त्यांच्या घरातली एकेक गोष्ट बंद पडत गेली.

ती गोष्ट म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम. कधीकाळी तो मुलासाठी घरात आला. मुलगा मोठा होऊन नोकरीसाठी दूर गेला, आणि गेम उलट्या वारसाहक्कानं त्याच्या बापाकडे आणि काकाकडे आला. बाप म्हणजे धाकटे, पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काका म्हणजे थोरले, शाळेतले ड्रिलमास्तर, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, भावाच्याच बिऱ्हाडात राहणारे. दोघांनीही साठी केव्हाच ओलांडली होती, पण अख्खी बिल्डिंग त्यांना थोरले आणि धाकटे असंच म्हणायची. टपाल वाटणारासुद्धा दारात उभा राहून "धाकटे आहेत का?" असं विचारायचा, आणि पांढऱ्या मिश्यांचा एक गृहस्थ "आलो" म्हणून बाहेर यायचा.

दुपारची जेवणं झाली की बिल्डिंग लवंडायची आणि हे दोघे रणगाड्यांच्या लढाईवर निघायचे. खेळ सोपा होता. पडद्याच्या तळाशी विटांचा छोटासा किल्ला. त्याच्या एका बाजूला थोरल्यांचा तांबडा रणगाडा, दुसऱ्या बाजूला धाकट्यांचा निळा. वरून शत्रूचे रणगाडे येत. आपला रणगाडा उडाला तर बदली मिळायचा, पण किल्ला पडला की खेळ खलास, मग तुमचे कितीही रणगाडे शिल्लक असोत. म्हणून थोरले पुढे घुसून मारामारी करत आणि मैदानावरच्या आवाजात हुकूम सोडत, "धाकट्या, किल्ला सांभाळ." धाकटे सांभाळत. जागचे हलत नसत. इतक्या वर्षांत त्यांच्या निळ्या रणगाड्यानं पडद्याचा वरचा अर्धा भाग पाहिलेला नव्हता.

पहिला रिमोट थोरल्यांचा, दुसरा धाकट्यांचा. खेळ सुरू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण पहिल्या रिमोटलाच होतं. दुसऱ्याला ते कंपनीनं दिलंच नव्हतं. कंपनीच्या मालकालाही बहुधा मोठा भाऊ असावा.

तर एका दुपारी हे दोघे शेवटच्या स्टेजवर पोचले. शेवटची स्टेज या घरात कुणीच पाहिली नव्हती. मुलानंसुद्धा नाही, त्याच्या उमेदीच्या काळात. धाकट्यांनी चष्मा पुसून घेतला. थोरल्यांनी बटण दाबून खेळ थांबवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा पाणी दे रे." पाणी येईपर्यंत ते आडवे झाले होते. मग डॉक्टरला फोन, ॲम्ब्युलन्स, जिन्यातून स्ट्रेचर उतरवायची कसरत. त्या सगळ्या गोंधळात स्ट्रेचरवरून थोरल्यांनी मान वळवली आणि सांगितलं, "धाकट्या, बंद करू नकोस. आलोच."

या यंत्राला स्मरणशक्ती नावाची गोष्ट नव्हती. बंद केलं की सगळं विसरून ते पुन्हा पहिल्या स्टेजवर यायचं. धाकट्यांनी टीव्ही बंद केला, पण गेमची पेटी आणि तिचा तांबडा दिवा चालू राहिला. पहिल्या दिवशी त्यांनी तो आज्ञा म्हणून चालू ठेवला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्या मनानं घेतलं, की जोवर हा दिवा चालू आहे तोवर दादा यायचा आहे. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पण त्या खोलीत पंखा लावायलाही ते बायकोला मनाई करू लागले, कारण पंख्याचं आणि पेटीचं बटण एकाच पाटीवर होतं आणि बायकोचा हात घाईचा होता.

हॉस्पिटलात संध्याकाळी थोडा वेळ भेटायला सोडत. थोरले रोज पहिला प्रश्न विचारत, "चालू आहे ना?"

"आहे, दादा."

"मग ठीक आहे."

बाकी बोलायला त्यांना दम नसे. एके दिवशी डॉक्टरांनी धाकट्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय फार थकलंय. घरी कधी सोडणार हे सारखं विचारू नका. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. धाकटे आयुष्यभर कचेरीत अर्धवट शेरे वाचत आले होते, त्यांना उरलेलं वाचता आलं. ते बसस्टॉपवर बसून राहिले आणि दोन बस त्यांनी जाऊ दिल्या.

म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना. घरी आले तर जिन्यात सेक्रेटरींची नोटीस लागलेली. बिल्डिंगची मुख्य वायर बदलायची असल्यानं परवा दिवसभर वीज बंद. धाकटे तसेच सेक्रेटरींकडे गेले.

"काम पुढे ढकलता येईल का? आमच्याकडे जरा अडचण आहे."

"पेशंटला घरी आणलंय का?" सेक्रेटरींनी काळजीनं विचारलं.

"नाही, ते हॉस्पिटलातच आहेत."

"मग घरी काय आहे?"

"त्यांचा रणगाडा," धाकटे म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना आपण काय म्हटलं ते ऐकू आलं.

सेक्रेटरींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आतून बायकोला बोलावलं. दोघांनी मिळून धाकट्यांना विश्रांतीचं महत्त्व सांगितलं. बदामाचं तेल टाळूवर चोळा, असंही सेक्रेटरीणबाईंनी सुचवलं. वायरचं काम मात्र परवाच होणार होतं.

त्यावर उपाय काढला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं. याला बिल्डिंगमध्ये 'परमनंट' म्हणत, कारण गळक्या नळापासून मोडलेल्या लग्नापर्यंत कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे परमनंट उपाय असायचा आणि तो त्यानं स्वतः कधीच केलेला नसायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. त्यानं आधी सांगितलं, "बाजारात हातात धरायचे तयार गेम मिळतात. आणा आणि द्या थोरल्यांना."

"त्यात आमचा थांबवलेला खेळ असेल का?"

"तो कसा असेल?"

"मग उपयोग नाही."

परमनंट विचारात पडला. विचारात पडलेला परमनंट हे दृश्य दुर्मिळ होतं. मग त्यानं जाहीर केलं, "तर मग हाच हातात धरायचा करायचा. वीज जायच्या आत बॅटरी जोडायची आणि मगच प्लग काढायचा. टीव्हीच्या जागी छोटा पडदा. आणि एकदा चालता-फिरता झाला, की घरी कशाला ठेवायचा? सरळ हॉस्पिटलात न्यायचा."

धाकट्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दादा खेळाकडे येऊ शकत नसेल तर खेळ दादाकडे जाईल. त्यांनी परमनंटचा हात दोन्ही हातांत धरला. कुणी सल्ला ऐकल्याची सवय नसल्यामुळे परमनंट घाबरला आणि आपल्या मोटारीतला, मागे घेताना बघायचा छोटा पडदा काढून देऊन बसला. त्या आठवड्यात त्यानं मोटार मागे घेताना फाटकाचा एक खांब पाडला, पण ते प्रकरण वेगळं आहे आणि त्यात सेक्रेटरी आहेत.

बॅटरी बायकोच्या स्कूटरची निघाली.

"अहो, मग मी भाजी आणायला कशी जाऊ?"

"चालत. तब्येतीला बरं."

"आणि पेटी कशात बसवणार?"

धाकट्यांनी कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं. तिथे बायकोचा सुईदोऱ्याचा डबा होता; पसरट, प्लॅस्टिकचा, दोन्ही हातांत धरता येईल एवढा, पारदर्शक झाकणाचा. तिनं रिळं, बटणं, सुया, मोजपट्टी सगळं एका उशीच्या अभ्र्यात ओतलं आणि डबा पुसून दिला. पुढे सहा महिने त्या घरात कुणाच्या शर्टाला बटण लागलं नाही.

चालू पेटीचे स्क्रू काढणं हे काम किती नाजूक असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. पेटीत खोचलेली कॅसेट जराशी हलली तरी चित्र गोठतं आणि खेळ जातो. धाकट्यांनी श्वास रोखून स्क्रू काढले, आतली सर्किटची हिरवी पट्टी कॅसेटसकट उचलून डब्यात ठेवली, आणि कॅसेट हलू नये म्हणून सभोवती कापूस कोंबला. मागच्या बाजूनं थोरल्यांचा रिमोट आत घेतला आणि त्याची बटणं झाकणाला भोकं पाडून वर काढली. छोटा पडदा मध्ये बसला. बॅटरीला मात्र डब्यात जागा होईना. नाकापेक्षा मोती जड, तसं डब्यापेक्षा बॅटरी जड. शेवटी ती पिशवीत घालून गळ्यात अडकवायची ठरली. प्लग काढला तेव्हा बायकोनं डोळे मिटून घेतले. धाकट्यांनी मिटले नाहीत. छोट्या पडद्यावर किल्ला दिसत होता, आणि दोन्ही बाजूंना तांबडा आणि निळा रणगाडा जिथल्या तिथे उभे होते.

गाडीनं जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण गतिरोधक. धाकटे पायीच निघाले. गळ्यात बॅटरीची पिशवी, हातात कापूस आणि वायरी भरलेला डबा, नजर डब्यावर, चाल मोजकी. पुढे बायको, "जरा बाजूला, जरा बाजूला" करत. लोक पटापट वाट देत होते. सिग्नलपाशी एक बाई शेजारणीला हलकेच म्हणाली, "हॉस्पिटलाकडे चाललेत. कुणाचं तरी काळीज नेत असतील." धाकट्यांना ते ऐकू आलं. त्यांना तिचं म्हणणं खोडून काढावंसं वाटलं नाही.

हॉस्पिटलच्या दारावरच्या वॉचमनला मात्र काळजाशी कर्तव्य नव्हतं.

"हे काय आहे?"

"व्हिडिओ गेम."

वॉचमननं वायरी पाहिल्या, गळ्यातली पिशवी पाहिली आणि तो दोन पावलं मागे सरकला. "बंद करा आधी."

"बंद करता येत नाही."

हे वाक्य जगातल्या कुठल्याही वॉचमनसमोर बोलू नये. पुढचा बराच वेळ धाकटे कुंपणाच्या कडेला एकटे उभे होते आणि तीन वॉचमन लांबून त्यांना प्रश्न विचारत होते. हेडक्लार्कच्या खुर्चीवर उभी हयात काढलेल्या माणसाला, येणारे-जाणारे पेशंटसुद्धा थांबून बघत होते. शेवटी बायको पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, यांचा मोठा भाऊ आत आहे. त्यांना खेळायचंय." त्यातल्या वयस्कर वॉचमननं धाकट्यांच्या मिश्यांकडे पाहिलं आणि आत ऑफिसात पाठवलं.

ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, की विजेवर चालणारी वस्तू वॉर्डात न्यायला तांत्रिक विभागाचा शिक्का लागतो. तांत्रिक विभाग म्हणाला, हे वैद्यकीय यंत्र नाही, त्यामुळे आमच्याकडे येतच नाही. ऑफिस म्हणालं, तसं त्यांच्याकडून लिहून आणा. तांत्रिक विभाग म्हणाला, जे आमच्याकडे येत नाही त्याबद्दल आम्ही कसं लिहून देणार? धाकट्यांना मनातून दोघांचंही कौतुक वाटलं. पाण्याच्या जोडणीसाठी आलेल्या माणसाला त्यांनी स्वतः याहून सुबक फिरवलं नसतं. पण पिशवीचा पट्टा मानेत रुतत होता आणि भेटीची वेळ सरत होती. त्यांनी धंद्यातली शेवटची युक्ती वापरली. तांत्रिक विभागाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत ते बसले आणि काहीही न बोलता बसून राहिले. बसून राहणारा माणूस कुठल्याही खात्याला सोसत नाही. तिथल्या माणसानं शेवटी डब्यावर 'तपासले' असं लेबल चिकटवलं आणि वर न पाहता सांगितलं, "जा."

वॉर्डात पोचले तेव्हा भेटीची वेळ संपतच आली होती. थोरले उशीला टेकून पडले होते. आठवड्याभरात ड्रिलमास्तरांचे खांदे कुठे गेले होते कोण जाणे. त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"हे कसलं मोजायचं यंत्र आणलंस?"

"बघ तर खरं."

धाकट्यांनी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि डबा मांडीवर ठेवला. थोरले बघत राहिले. मग पोट हलवून, आवाज न करता हसले. हसण्यानं त्यांना धाप लागली, म्हणून बायकोनं पाठीवर हात ठेवला.

"गाढवा," थोरले म्हणाले, "खरंच चालू ठेवलास."

"तूच सांगितलंस ना."

"मी काय, काहीही सांगतो." त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांनी अंगठा बटणावर ठेवला. धाकटे पलंगाच्या कडेला टेकले आणि त्यांनी सवयीनं हात पुढे केले, आपला रिमोट धरायला. हातात काहीच आलं नाही. थोरल्यांचा अंगठा थांबला.

"तुझा कुठाय?"

धाकट्यांनी डब्याकडे पाहिलं, पिशवीत पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कापूस आठवला होता, लेबल आणलं होतं, स्कूटरची बॅटरी गळ्यात होती. दुसरा रिमोट घरी टीव्हीखाली पडला होता. तो जोडायला डब्याला भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं.

"राहिला," ते म्हणाले. "पण तू खेळ ना, दादा. मी बघतो."

"आणि किल्ला कोण सांभाळणार?"

"हे सगळं तुझ्यासाठीच तर केलंय."

"एवढं सगळं केलंस आणि त्यात स्वतःला जागाच नाही ठेवलीस." थोरल्यांनी बटणावरून अंगठा उचलला. "दोघांचा डाव आहे हा. उद्या तुझा घेऊन ये. मग सुरू करू."

सिस्टर येऊन घड्याळाकडे बोट दाखवत उभ्या राहिल्या. थोरल्यांनी डबा परत दिला नाही. "इथेच राहू दे," म्हणाले. उठताना धाकट्यांनी बॅटरीची पिशवी गळ्यातून काढून पलंगाला अडकवली आणि थोरल्यांचे पाय पांघरुणात नीट घातले. थोरले त्यांना म्हणाले, "नीट जा. घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी दुसऱ्या रिमोटची वायर दोनदा तपासली आणि झाकणाला भोक पाडायला टोच्या खिशात टाकला. भेटीच्या वेळेच्या बरेच आधी ते दारात हजर होते. वॉचमननं ओळखीचं हसून सोडलं. वॉर्डात थोरल्यांच्या पलंगावर स्वच्छ चादर घातलेली होती.

सिस्टर सांगत होत्या, की दुपारीच गेले, शांतपणे, आणि घरी फोन लावला होता तेव्हा कुणी उचलला नाही. कसा उचलणार? तेव्हा नवरा-बायको रस्त्यात होते. चष्मा, चपला, टॉवेल अशा वस्तू एका पिशवीत होत्या. डबा मात्र सिस्टरांनी वेगळा, दोन्ही हातांनी आणून दिला. तो चालू होता. त्याची बॅटरी कालच संपायला आली होती.

"आमच्या तंत्रज्ञाकडून चार्जरला लावून घेतला," सिस्टर म्हणाल्या. "ते ऐकेचनात. मी झोपलो तरी हे बंद होऊ देऊ नका म्हणाले. धाकटा त्याचा रिमोट घेऊन येतोय."

धाकटे तिथेच, दुसऱ्या पेशंटसाठी घातलेल्या चादरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. पांढऱ्या मिश्यांचा माणूस लहान मुलासारखा रडताना पाहून शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

पुढचे दिवस माणसं येत-जात होती. डबा कोपऱ्यात चार्जरला लावून चालूच होता. सेक्रेटरी येऊन गेले आणि निघताना दाराशी हळूच म्हणाले, "आता ते बंद करायला हरकत नाही. वायरवर ताण येतो." परमनंट आला आणि बराच वेळ बसला. त्यानं कुठलाच उपाय सुचवला नाही. पडदा परत हवा असंही म्हणाला नाही. टपाल वाटणारा दारात आला, "धाकटे," एवढं म्हणाला आणि टपाल हातातच धरून उभा राहिला. थोरलाच नाही, तर आपण कुणाचे धाकटे, हे धाकट्यांना विचारायचं होतं, पण टपालवाल्याला काय विचारणार?

मग एका दुपारी माणसं येईनाशी झाली. जेवणं झाली. बिल्डिंग लवंडली. धाकट्यांनी डबा समोर घेतला, झाकणाला टोच्यानं भोक पाडलं आणि दुसरा रिमोट जोडला. बायको दारातून बघत होती. ती आत आली आणि त्यांच्या मागे बसली.

पहिल्या रिमोटच्या त्या बटणाला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. त्यांनी ते दाबलं, हात मागे घेतला आणि आपला रिमोट उचलला.

शेवटची स्टेज सुरू झाली. ती इतर स्टेजसारखीच होती. वरून शत्रूचे रणगाडे उतरू लागले. तांबडा रणगाडा किल्ल्याच्या बाजूला होता तसाच उभा राहिला. शत्रूचा पहिला रणगाडा वळला आणि तांबड्यावर तोफ रोखून खाली येऊ लागला. धाकट्यांचा निळा रणगाडा किल्ल्याजवळ होता, जिथे तो कायम असायचा.

"अहो, किल्ला," बायको म्हणाली.

धाकट्यांनी किल्ला सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते जागचे हलले, आणि जाऊन थोरल्यांच्या रणगाड्यापुढे उभे राहिले. डावीकडून आला त्याला उडवलं. समोरून आला त्याला उडवलं. एकदा स्वतः उडाले, बदली रणगाडा घेऊन पुन्हा धावत तिथेच आले. मागे किल्ल्याची एकेक वीट पडत होती, ती त्यांना दिसत होती. त्यांनी तिकडे तोंड केलं नाही.

किल्ला पडला. खेळ संपल्याची पाटी खालून वर आली आणि मध्यावर थांबली. पाटीच्या खाली, पडलेल्या किल्ल्याशेजारी तांबडा रणगाडा उभा होता, त्याला साधा ओरखडाही आला नव्हता.

बायकोनं बॅटरीची वायर काढायला हात पुढे केला. धाकटे म्हणाले, "थांब. मी करतो." आणि त्यांनी ती आपल्या हातानं काढली.